संन्याशाच्या पोरांच्या वाटेने

कार्तिक शुद्ध द्वितीया, आळंदी

भाऊबीजेला घरी बसायचं नाही, हे धाकटीनं दिवाळीच्या आधीच ठरवून टाकलं होतं. "ताई, घरी बसलो की दुपारपर्यंत त्याचाच विषय निघणार. त्यापेक्षा कुठेतरी जाऊ." कुठे, ते मी ठरवलं. आळंदी, आपेगाव, पैठण, नेवासे आणि परतताना आळे. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंची चार मुलं ज्या वाटेनं गेली आणि परतली, ती वाट. प्रवास सगळा एसटीचा, कारण बायकांना अर्धं तिकीट आणि दोघींपैकी कुणालाच गाडी चालवता येत नाही.

'त्याचा विषय' म्हणजे दादाचा. वडील गेल्यावर दादानं आम्हा दोघींना तालुक्याला नेलं. आईच्या औषधपाण्यासाठी कर्ज काढायचंय, वारसांच्या सह्या लागतात, म्हणाला. आम्ही सह्या केल्या, अंगठे दिले. बाहेर आल्यावर त्यानं दोघींना भेळ खाऊ घातली. तो कागद हक्कसोडपत्राचा होता. आई गेली, आणि तिच्या वर्षश्राद्धाच्या आत नदीकाठची जमीन विकली गेली. तीही बातमी शेजारच्या बांधावरून आली. धाकटीनं दिवाणी दावा लावलाय. नाव दोघींचं आहे, तारखांना जाते ती एकटी. माझं मन वेगळीकडेच अडलं. लग्नाआधीपासून संध्याकाळी हरिपाठ म्हणायची सवय होती, ती सुटली. त्या कचेरीत आमच्या बोटाला शाई लागत होती तेव्हा देव कुठे होता, एवढाच माझा प्रश्न.

आळंदीत उतरल्यावर आधी सिद्धबेट गाठलं. इंद्रायणीच्या काठी, गावाबाहेरची ही जागा. वाळीत टाकलेलं कुटुंब इथे झोपडी बांधून राहिलं, असं सांगतात. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण घाईघाईनं ठाऊक असते. विठ्ठलपंत बायकोला सोडून काशीला गेले, संन्यास घेतला. रुक्मिणीबाई माहेरी, आळंदीत, सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. काशीचे गुरू आळंदीला आले, त्यांनी नमस्कार करणाऱ्या या बाईला 'पुत्रवती हो' म्हटलं, मग चौकशी केली आणि शिष्याला परत संसारात धाडलं. म्हणजे विठ्ठलपंत परत आले ते गुरूच्या आज्ञेनं. गावानं मात्र आज्ञा बघितली नाही, संन्याशाची पोरं बघितली. शके 1195 ते 1201 या काळात, म्हणजे इसवी सन 1273 ते 1279, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार लेकरं झाली आणि चौघांच्या मुंजी-लग्नांचा प्रश्न उभा राहिला. प्रायश्चित्त काय? देहान्त. ते आईबापांनी घेतलं. प्रयागला जाऊन देह सोडला, असं परंपरा सांगते.

कीर्तनात हा भाग फार लवकर उरकतात, हे मला नेहमी खटकतं. बुवांना भिंत चालवायची घाई असते. पण थांबून बघा ना. आपण गेलो तर पोरांना जवळ करतील, या एका आशेवर दोन माणसं मेली, आणि पोरांना कुणी जवळ केलं नाही. आता पैठणच्या ब्रह्मवृंदाचं शुद्धिपत्र आणा, असं उत्तर आलं. प्रायश्चित्त घेऊनही दार उघडत नाही, म्हणजे ते दार उघडायचंच नव्हतं.

धाकटी म्हणाली, "आणि देव बघत बसला."

मी काही बोलले नाही. मला तेच म्हणायचं होतं.

देवळात अजानवृक्षाखाली नेहमीप्रमाणे ज्ञानेश्वरीची पारायणं चालली होती. छोट्या लाकडी घोड्यांवर पोथ्या, आणि ओळीनं बसलेली माणसं. कार्तिक वद्य एकादशीला तीन आठवडे अवकाश होता, पण मांडवाचे बांबू आतापासून येऊन पडलेले. एक आजी मोठ्या टाइपातल्या पोथीवर बोट ठेवून वाचत होत्या. शब्द तोंडानं पुढे जायचा, बोट मागून यायचं. डोळ्यांनी वाचत नव्हत्याच त्या. शेजारी त्यांची नात मोबाइलवर खेळत होती आणि मधूनच आजीचं बोट उचलून बरोबर ओळीवर ठेवत होती. घाटावर गेलो तर इंद्रायणीवर पांढरा फेस. त्यावर बोलायला लागले तर हे प्रवासवर्णन राहायचं नाही.

संध्याकाळी धर्मशाळेच्या गच्चीवर धाकटीनं पिशवीतून निरांजन काढलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. द्वितीयेची कोर पश्चिमेला होती, नखाएवढी, लगेच मावळणारी. "चल, ओवाळू."

"आपल्याला भाऊ आहे," मी म्हटलं.

"तो कागदावर आहे ताई."

तिनं ओवाळलं. मी नुसती बाजूला उभी राहिले. मग तिला ताटीची गोष्ट सांगितली. ज्ञानदेव माधुकरीला गेले, कुणीतरी वाट्टेल ते बोललं, ते झोपडीत येऊन ताटी लावून बसले. कुणाशी बोलेनात. तेव्हा मुक्ताबाईनं बाहेरून हाका मारल्या. 'विश्व रागे झाले वन्ही । संते सुखे व्हावे पाणी' ही तिचीच ओळ. मला या गोष्टीत मुक्ताईच्या उपदेशापेक्षा ती लावलेली ताटी जास्त धीर देते. ज्ञानदेवांनासुद्धा एके दिवशी दार लावून घ्यावंसं वाटलं, आणि वारकऱ्यांनी ही गोष्ट लपवली नाही, गाऊन ठेवली.

"चार भावंडं होती, एकानं तरी दुसऱ्याला फसवलं का?" धाकटीनं विचारलं आणि निरांजन विझवून पिशवीत ठेवलं.

तृतीया, पैठणच्या रस्त्यावर

दिवस सगळा गाडीत गेला. पुणे, नगर, शेवगाव. नगर म्हणजे आता अहिल्यानगर, पण कंडक्टर 'नगर, नगर' असंच ओरडत होता. शेवगावकडे वळल्यावर दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायकांच्या कमरेला ओट्या.

धाकटीला गाडीत माणसं पटकन भेटतात. पाथर्डीकडच्या एक बाई शेजारी बसल्या आणि नगर सुटेपर्यंत दादाचं सगळं प्रकरण त्यांना पाठ झालं होतं. बाई म्हणाल्या, "देवाच्या काठीला आवाज नसतो बाई." आणि त्यांच्या जावेची हकिकत सुरू झाली. जावेनं घरातलं सोनं दाबलं, पुढे तिच्या पोराचा अपघात झाला, पाय गेला. बाई हे सांगताना पदरानं तोंड पुसत होत्या आणि चेहऱ्यावर दुःख नव्हतं. धाकटीच्याही चेहऱ्यावर नव्हतं. मला त्या पोराचा पायच दिसत राहिला.

ही म्हण आपण सांत्वनाला वापरतो. फसवलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवायचा आणि देवाच्या हातात काठी द्यायची. मीही गेली दोन वर्षं त्या काठीचीच वाट बघत होते, हे त्या गाडीत कळलं. हरिपाठ सोडला होता तो देव नाही असं वाटून नाही. काठी पडत नाही म्हणून रुसून.

बाई उतरल्यावर मी धाकटीला विसोबाचं सांगितलं. आळंदीत या पोरांना सगळ्यात जास्त छळलं ते विसोबा चाटीनं. निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताई खापर आणायला कुंभाराकडे निघाली, तर यानं कुंभाराला दम दिला : द्यायचं नाही. पोर रडत घरी आली. ज्ञानदेवांनी योगाग्नीनं पाठ तापवली आणि तिनं पाठीवर मांडे भाजले. कुडाआडून हे बघणारा विसोबा आत धावला आणि उष्ट्याला हात घातला. मुक्ताई म्हणाली, परता सर खेचरा. तोच पुढे विसोबा खेचर, नामदेवांचा गुरू. औंढ्या नागनाथाला पिंडीवर पाय टाकून झोपलेला म्हातारा तो हाच.

"मग काठी?" धाकटी म्हणाली.

"पडलीच नाही."

"हे काय बरोबर नाही ताई," ती म्हणाली. मला वाटतं, तिचं म्हणणं अगदी रास्त आहे. ज्यानं लेकरांच्या तोंडचा घास काढला त्याच्या हातून नामदेव घडावा, हे पटकन गळ्याखाली उतरत नाही. देव आपल्याला धरून आहे, इथपर्यंत आपली तयारी असते. ज्यानं आपल्याला फसवलं त्यालाही तो सोडत नाही, ही गोष्ट कुणी आपल्याला आधी सांगत नाही.

पैठणला पोचलो तेव्हा अंधार पडत होता. जायकवाडीची भिंत लांबूनच दिसली. 27 दरवाजे, आत शंभरावर टीएमसी पाणी. यंदा धरण भरलंय, असं लॉजवाल्यानं आपल्याच घरचं कार्य पार पडल्यासारखं सांगितलं.

चतुर्थी, आपेगाव, पैठण आणि रात्री नेवासे

सकाळी काळी-पिवळीतून आपेगाव. विठ्ठलपंतांचं मूळ गाव, गोदावरीकाठी. घराण्याकडे कुळकर्णीपण होतं, म्हणजे दप्तरं, वह्या, वतनाचे कागद लिहिणारी माणसं. त्यांच्याच नातवंडांना एका कागदासाठी पैठणच्या दारात उभं राहावं लागलं. मंदिरात फारसं कुणी नव्हतं. पुजारी काकांनी चहा पाजला आणि सोयाबीनच्या भावावर ते आमच्याशी अर्धा तास बोलले.

पैठणच्या नागघाटावर रेड्याची मूर्ती आहे. इथे ब्रह्मवृंदापुढे रेड्यानं वेद म्हटले. कुणीतरी कुचेष्टेनं म्हणालं, त्या रेड्याचं नावही ज्ञाना आहे, मग तो आणि तू एकच का? ज्ञानदेव म्हणाले, एकच. रेड्याच्या पाठीवर आसूड बसला आणि वळ उठले ज्ञानदेवांच्या पाठीवर. धाकटी विज्ञानाची पदवीधर. रेडा बोलला यावर तिचा काडीचा विश्वास नाही. पण वळांच्या गोष्टीपाशी ती थांबली. मूर्तीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "हे मात्र कुणीतरी स्वतः मार खाल्लेल्या माणसानं रचलंय."

मग शुद्धिपत्राचं निघालं. पत्र मिळालं, असं सगळे सांगतात. इतिहासाचे अभ्यासक त्याच्या नकलांवर शंका घेतात, ते राहू दे. माझा प्रश्न साधा आहे. त्या पत्राचं पुढे काय झालं? मुंजी झाल्या का? आळंदीनं पंगतीत घेतलं का? कीर्तनात मी तरी हे कधी ऐकलेलं नाही. आईबापांचा जीव गेला, शंभर कोसांची पायपीट झाली, तो कागद हाती आला आणि गोष्टीतून नाहीसाच झाला. ज्याच्यासाठी निघाली होती, ते त्या पोरांना बहुधा कधीच मिळालं नाही. परतीच्या वाटेवर नेवाशाला जे घडलं, ते मागायला ती निघालीच नव्हती.

दुपारी नाथांचा वाडा. एकनाथांचा रांजण, उद्धवानं आणि श्रीखंड्यानं पाणी भरल्याच्या कथा, सगळं पाहिलं. पैठण्यांच्या दुकानात गेलो, दर ऐकले, पदरावरचे मोर बघितले, परत आलो. नाथांच्या बाबतीत मला त्यांच्या मुलाची गोष्ट आठवते. हरिपंडित मोठा विद्वान. बाप मराठीत पुराण सांगतो आणि कुणाच्याही घरी जेवतो, हे त्याला सहन झालं नाही. तो काशीला निघून गेला. नाथ त्याला आणायला गेले. त्यानं अटी घातल्या : मराठीत सांगायचं नाही, परान्न घ्यायचं नाही. ज्या माणसानं शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून महाराष्ट्राच्या हाती दिली, त्यानं मुलासाठी मराठी सोडायचं कबूल केलं. पुढे मुलालाच उपरती झाली.

"नाथांनी दावा नाही लावला," धाकटी म्हणाली. टोमणा मला होता की स्वतःला, समजलं नाही.

"नाथांची जमीन नव्हती गेली. आणि दावा तू मागे घ्यायचा नाहीस," मी म्हटलं. ती चमकून बघायला लागली. तिला वाटत होतं, मी तिला क्षमेच्या वाटेला लावायला इथे आणलंय. छे. खोट्या कागदाला खोटं म्हणायला कोर्टच लागतं. काठी देवाच्या हातात द्यायची नाही, एवढंच मला गाडीपासून वाटत होतं.

नेवाशाच्या गाडीची वाट बघत असताना भाच्याचा फोन आला. दादाचा मुलगा. "आत्या, परीक्षेचं सेंटर पुण्यात आलंय. दोन रात्री तुझ्याकडे राहू का?" जरा थांबून, "बाबांना अजून सांगितलं नाहीये." मी म्हटलं, ये. धाकटी शेवगाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. कुकाण्याला गाडी थांबली तेव्हा तिनं भजी आणली आणि पुडा माझ्यापुढे धरला.

पंचमी, नेवासे आणि आळे

नेवासे प्रवरेकाठचं जुनं गाव. 1950 च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी इथलं उत्खनन केलं, तेव्हा हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीचे थर निघाले. आम्हाला मात्र पैसाचा खांब बघायचा होता. शके 1212, इसवी सन 1290. या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्ञानदेवांचं वय पंधरा.

खांब एका नव्या मंदिराच्या गाभाऱ्यात आहे. काळा, साधा दगड, भोवती फुलांच्या माळा. लोक येतात, कपाळ टेकतात. त्यावर एक कोरीव लेख आहे. करवीरेश्वराच्या देवळातल्या अखंड दिव्याच्या तेलासाठी कुणीतरी दरमहा काही नाणी कायमची लावून दिल्याची नोंद. कायमची. ते देऊळ गेलं, दिवा गेला, तेल घालणारे गेले. ज्यानं पैसे दिले त्याला काय वाटलं असेल? आपला दिवा जळत राहील. तो विझला, आणि उरलेल्या खांबाला टेकून एक वाळीत टाकलेला मुलगा नऊ हजार ओव्या सांगून गेला. मी त्या अक्षरांवर हात ठेवायला गेले तर पुजाऱ्यानं हटकलं; बरोबरच आहे, रोज हजार हात लागले तर अक्षरं कशी राहतील.

मला इथे येऊन एकच गोष्ट तपासायची होती. शेवटी मागणं मागताना त्या मुलानं आळंदीबद्दल काय मागितलं? पसायदान आपण शाळेपासून म्हणतो, त्यामुळे कानावरून जातं. 'जे खळांची व्यंकटी सांडो.' खळ सांडोत असं नाही, त्यांचा वाकडेपणा सांडो. 'तयां सत्कर्मी रती वाढो.' म्हणजे आईबापांना मरणाची वाट दाखवणाऱ्यांसाठी पहिली मागणी. पंधराव्या वर्षी. मी गाभाऱ्यात उभी राहून दादाचं नाव घेऊन ती ओळ म्हणायचा प्रयत्न केला. पहिल्या चरणापर्यंत गेले. सत्कर्मी रती वाढो, हे दादासाठी अजून माझ्या तोंडून निघत नाही.

बाहेर पायरीवर बसल्यावर धाकटीनं विचारलं, "काय मग, बोलणं झालं का देवाशी?"

"भांडण झालं."

"म्हणजे बोलणं झालं," ती म्हणाली. खरंय. दोन वर्षं अबोला होता.

नेवाशाहून नगर, आणि तिथून कल्याण रस्त्यानं टाकळी ढोकेश्वरवरून आळे. आळेफाट्याच्या अलीकडे. वेद म्हणणारा तो रेडा भावंडांबरोबर पैठणहून निघाला आणि इथे त्यानं देह ठेवला, म्हणून इथे त्याची समाधी आहे. पत्राचं पुढे काय झालं ते ठाऊक नाही, पण जनावर कुठवर सोबत आलं ते गावच्या गाव सांगतं. समाधीपाशी दोन म्हातारे पत्त्यांचा डाव मांडून बसले होते. त्यातल्या एकानं आम्ही कुठून आलो विचारलं, पैठणहून म्हटल्यावर म्हणाला, "मग तुम्ही पण पायीच यायला पाहिजे होतं. रेडा आला ना."

फाट्यावर पुण्याच्या गाडीला वेळ होता. मिसळ सांगितली. धाकटीनं मोबाइलमध्ये कोर्टाची तारीख काढली आणि एकदम हसायला लागली. भाच्याच्या परीक्षेच्याच दिवशी आमची तारीख.

"आता? तो आपल्या घरी, आणि आपण त्याच्या बापाविरुद्ध कोर्टात?"

"त्याची परीक्षा दहाला असणार. त्याला डबा देऊ आणि साडेनऊला निघू. या वेळी मी येते तुझ्याबरोबर."

"डब्यात काय देणार?"

"भरली वांगी. त्याला आवडतात."

"दादालापण आवडतात," धाकटी म्हणाली आणि पाव तोडायला लागली.